चालण्यापुरता पाय

२२ मे १९६९

ही वही जानकीबाईंची. इस्पितळाच्या व्यायाम विभागातल्या या बाई दिसायला चिमणीएवढ्या, पण आवाज परेडचा. म्हणाल्या, पहिल्या पानावर नाव, काम आणि काय हवंय ते लिहा. पुढे रोज काय केलं ते लिहा आणि काय चुकवलं तेही लिहा. खोटं लिहिलंत तर गुडघा मला सांगेलच.

नाव सहदेव बाबाजी घाडी. काम फायरमन, घाटकोपरच्या बंबखान्यात अकरा वर्षं. काय हवंय: पळायला.

साडेतीन महिन्यांनी आज घरी आलो. आमच्या खोल्या बंबखान्याच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर. धोंडूने आणि तिघांनी मला खुर्चीत बसवून वर आणलं. धोंडू माझ्याच पाळीतला, तोंडाचा फाटका. "गणपतीक सुदा इतक्या जपान कधी हाडूक नाय रे!" म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मागून मालन माझ्या कुबड्या घेऊन येत होती. ती हसली नाही. बायकोला विनोद कळत नाही हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं.

फेब्रुवारीत भांडुपला रंगाच्या गोदामाला आग लागली आणि छप्पर खाली आलं. माझ्या डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रामचंद्र माझ्या पुढे चार हातांवर होता, तो गेला. त्याची बायको मथुरा आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. आज बघतो तर तिथे दुसरं बिऱ्हाड आलंय, दाराला नवा रंग दिलाय. मालनला विचारलं, मथुरा कधी गेली? "मार्चात," एवढंच म्हणाली.

केंद्राच्या साहेबांचं पत्र आलेलं आहे. दहा डिसेंबरला मेडिकल बोर्ड. खांद्यावर पाइपची गुंडाळी घेऊन शंभर यार्ड वीस सेकंदांत, मग तीस फुटी शिडी वर आणि खाली. जमलं तर पुन्हा बंबावर. नाही जमलं तर नोकरी संपली आणि महिन्याच्या आत खोली रिकामी. आज मला पलंगावरून मोरीपर्यंत जायला दोन माणसं लागतात.

२९ मे

घंटा झाली आणि माझी वाट लागली.

दुपारी जेवून पडलो होतो. घंटा झाली की तीस सेकंदांत बंब फाटकाबाहेर हवा, हे अकरा वर्षांत इतकं मुरलंय की डोळे उघडायच्या आत पाय जमिनीवर असतात. तसेच आजही गेले. डावा टेकला आणि मी आडवा झालो. पलंग आणि मोरीच्या मध्ये पालथा पडून खाली बंब निघाल्याचा आवाज ऐकत राहिलो. माझ्याशिवाय निघाला, आणि वेळेत निघाला. दुखण्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

मालनचं एक नवल. मी पडलेला तिला दिसत होतो, तरी ती आधी गॅलरीत धावली, बंब वळेपर्यंत बघत राहिली आणि मग आत येऊन मला उचलायला लागली. अगं, नवरा इथे जमिनीवर पडलाय, त्या बंबावर तुझं कोण होतं? असं मी म्हणालो तर तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला पलंगाला टेकवलं.

३० मे

इस्पितळात फोटो काढला. हाड बचावलं. गुडघा शहाळ्याएवढा सुजलाय. दहा दिवस जमिनीला पाय लावायचा नाही. म्हणजे एकशे पंच्याण्णव दिवसांतले दहा गेले.

जानकीबाईंनी विचारलं, "घंटा कोणासाठी झाली होती?"

"बंबासाठी."

"मग तुम्ही बंब आहात का?"

मालन शेजारी उभी होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "चालतील ना पुन्हा?" डॉक्टर हो म्हणाले. पळता येईल का, हे तिने विचारलंच नाही. ते मी विचारलं.

१८ जून

दोन दांड्यांच्या मधून अकरा पावलं. दांड्या कमरेच्या उंचीच्या, हाताने धरायच्या. जानकीबाई पुढे उलट्या चालतात आणि ओरडतात, "टाच आधी! घाडी, टाच आधी! चोरासारखे येऊ नका!" अकराव्या पावलाला डोळ्यांसमोर काजवे चमकले. चाळीस वर्षांच्या माणसाला टाच आधी टेकायला शिकवतात. माझ्या शेजारच्या दांड्यांत पोलिओ झालेली एक सात वर्षांची पोर होती. ती चौदा पावलं चालली आणि तिने माझ्याकडे बघून जीभ काढली. मीही काढली.

घरी येताना टॅक्सीत मालनला म्हणालो, सहा महिन्यांत अकरा पावलांचे शंभर यार्ड कसे व्हायचे? ती म्हणाली, "अकरा झाली ना? मोरीपर्यंत नऊच लागतात."

७ जुलै

एक कुबडी सुटली. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. नाही, आहे. काल व्यायाम चुकवला. दुखत नव्हतं, कंटाळाही नव्हता. खाली कवायत चालली होती, गॅलरीतून बघत बसलो. माझ्या जागी शिडीवर वर्सोव्याचा एक नवीन जवान आहे. बोटीच्या डोलकाठीवर चढायची सवय असलेला, सरसर चढतो. तो घसरावा असं मला मनातून वाटलं. घसरला नाही. लिहायचं म्हणून लिहितो.

५ ऑगस्ट

आता वजनं. पलंगाच्या कडेवर बसायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची आणि गुडघा सरळ करायचा. पन्नास वेळा सकाळी, पन्नास वेळा संध्याकाळी. तीन पौंडांपासून सुरुवात, दर मंगळवारी एक पौंड वाढवायचा. मांडीत ताकद आली की मगच पळण्याची गोष्ट.

मालनने माझ्या जुन्या खाकी पँटचा पाय कापून पिशवी शिवली. वाळू खालच्या लाल बादल्यांतली, साहेबांना विचारून. वाण्याकडे जाऊन वजन करून आणली. मी म्हणालो, धोंडूला पाठव. म्हणाली, नको, मीच जाईन. बायको गुणाची आहे, विनोद कळत नसला तरी.

२ सप्टेंबर

घरात काठीशिवाय चालतो. सात पौंड, पन्नास वेळा, आणि घामही आला नाही! तीन पौंडांना जेवढं जड वाटलं तेवढंच सातांना वाटतं. पाय तयार होतोय.

इस्पितळात मात्र उलटं झालं. त्यांचं सात पौंडाचं लोखंडी वजन बांधलं तर पाय अर्ध्यावर थरथरायला लागला. जानकीबाई बुचकळ्यात पडल्या. "घरी खरंच सात करता?" मी वही दाखवली. मला वाटतं त्यांचीच वजनं खोटी आहेत. सरकारी माल, कोण तपासतंय.

२० सप्टेंबर

गणपतीच्या धांदलीत वही राहिली, व्यायाम राहिला नाही. आज कठड्याला हात न लावता जिना उतरलो. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मार्तंडसाहेबांनी स्वतः चहा मागवला. साहेब म्हणजे आमचे केंद्राचे अधिकारी, कोणाला पाणी विचारणारे नव्हेत. म्हणाले, "चाल झकास आहे. पण घाडी, बोर्डाला चाल नको, पळ हवी."

धोंडू माझ्यासोबत वर आला. पलंगाखालची पिशवी त्याने पायाने सरकवली आणि म्हणाला, "नऊ पौंड? मेल्या, ही तर माझ्या पायाक कळाक पण नाय." मी म्हणालो, तुझ्या पायाला अक्कल असती तर तू लीडिंग फायरमन झाला असतास. मालन चहा ओतत होती, कपाबाहेर सांडला.

८ ऑक्टोबर

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी बारा पौंडांची पिशवी बांधली. अठ्ठाविसाव्या वेळेला शिवण उसवली. वाळू सांडली आणि वाळूच्या मागून कोंडा. भाताचा कोंडा, ढीगभर. पिशवी टम्म फुगलेली का दिसायची ते तेव्हा कळलं. सगळं गोळा करून मी स्वतः वाण्याकडे चालत गेलो. तराजूत घातलं. अडीच किलोही नाही. म्हणजे पाच पौंड. वाणी हसून म्हणाला, "भाभी दर मंगळवारी कोंडा नेते. मला वाटला, तुमी कोंबडी पाळली."

घरी आलो. विचारलं, "हे काय आहे?"

"कोंडा."

"ते दिसतंय. का?"

मालन उभीच होती. तिने पदर खोचला, जसा भांडी घासायला बसताना खोचते. मग म्हणाली, "तुम्ही बेशुद्ध होता तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. मी गावच्या सातेरीदेवीला नवस बोलले, यांना चालू दे. चालू दे म्हणाले, पळू दे म्हणाले नाही. ती पावली. तुम्ही चालायला लागलात. पळायला लागलात की पुन्हा तिथेच जाणार."

"नोकरी जाईल. खोली जाईल. कळतंय तुला?"

"मथुरेची खोली गेली ती रामचंद्रभावजींच्या मागून. तिची भांडी मी बांधून दिली. आपली गेली तर आपण दोघं मिळून कुलूप लावू. मला चालेल."

मी हात उचलला नाही. पिशवी मात्र भिंतीवर फेकली. अजून घरभर कोंडा आहे. ती झाडते आहे आणि मी हे लिहितो आहे.

९ ऑक्टोबर

जानकीबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. निदान सात आठवडे वाया. बोर्डाला नऊ उरलेत. मला वाटलं मालनला शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोने बरोबर चालण्यापुरता पाय तयार केला. त्याला पाच पौंड पुरतात. हे तिला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, हसण्याची गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, "मी हसत नाहीये. उद्यापासून रोज इथे यायचं, माझ्या लोखंडावर. बोर्डाचं मी वचन देत नाही."

मालनशी बोलणं बंद आहे. पाणी हवं असेल तर स्वतः उठून घेतो. तेवढाच व्यायाम.

२४ ऑक्टोबर

लोखंडी सात पौंड, खरे. रात्री मांडी ठणकते.

आज इस्पितळामागच्या मैदानात पळायला लावलं. मी भरभर चाललो. जानकीबाई म्हणाल्या, "हे चालणंच आहे." पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी मला गवतावर बसवलं आणि सांगितलं, "चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो. पळताना एक क्षण दोन्ही हवेत. तो क्षण तुम्ही सोडत नाही. उजवा पक्का टेकल्याशिवाय डावा उचलत नाही. भीती वाटते?"

मी म्हणालो, भीती कसली, अकरा वर्षं आगीत गेलो मी.

खोटं बोललो. गुडघा सांगेल त्यापेक्षा मीच लिहितो. दोन्ही पाय उचलायचे म्हटलं की भांडुपची जमीन आठवते. छप्पर करकरलं तेव्हा मी पळायला वळलो होतो, म्हणून तुळई मांडीवर आली. रामचंद्र वळला नाही, कारण पाइपचं तोंड त्याच्या हातात होतं आणि ते सोडायचं नसतं. पाइप धरायला त्याच्या मागे मी होतो. मी सोडला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मालनलाही नाही. मी सोडला नसता तर दोघेही गेलो असतो असं साहेब म्हणतील. म्हणतील. पण मला पुन्हा एकदा तो पाइप धरून उभं राहायचं आहे, आणि उभं राहायला आधी बंबावर पोचायला हवं. त्यासाठी हे सगळं.

१० नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस, फटाक्यांमुळे बंबाला उसंत नाही. आज सकाळी अकराला विक्रोळीच्या लाकडाच्या वखारीसाठी घंटा झाली. मी गॅलरीत चहा पीत होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा, धडधाकट पायांवर उभा असताना, माझी पाळी बंबावर आणि मी वर.

धोंडूची बायको द्रौपदी करंज्या तळत होती. तिने स्टोव्ह बंद केला. मजल्यावरच्या बायका एकेक करून गॅलरीत आल्या, मालनही. कुणी भांडून आल्यासारखी, कुणी उगाच कपडे चाचपत. मी आपलं धीर द्यायला म्हणालो, वखारीची आग म्हणजे काही विशेष नाही, शेजारी विहीर आहे, पाणी भरपूर. एकीनेही मान वळवली नाही. एक वाजला, दोन वाजले. द्रौपदीने एकच पातेलं तीनदा घासलं. विक्रोळीच्या बाजूला धूर दिसत होता. तो काळ्याचा पांढरा झाला म्हणजे पाणी लागलंय, हे मला माहीत. पण तो पांढरा झाल्यावरही माझे तळहात ओले होते. आगीत असताना असं कधी झालं नाही. आगीत हाताला काम असतं.

पाचला बंब आला. द्रौपदीने वरून टोप्या मोजल्या आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला. धोंडू भिजल्या बुटांनी एकेक पायरी चढत वर आला आणि "करंजी खंय?" म्हणाला.

महिन्याने मालनशी बोललो. विचारलं, "दर वेळी असंच?"

"आज तुम्ही होतात म्हणून बायका जरा बऱ्या होत्या," ती म्हणाली.

११ नोव्हेंबर

पळालो.

सकाळी सहाला, खालच्या कवायतीच्या मैदानात, एकटा. काल दिवसभर जे बसलो ते पुन्हा बसायला लागलं तर वेड लागेल एवढंच डोक्यात होतं. दोन्ही पाय कधी सुटले कळलं नाही. वीस यार्ड असतील. लंगडत, वेडंवाकडं, पण पळालो. थांबलो तेव्हा वर बघितलं. मालन गॅलरीत उभी होती. तोंडावर पदर होता.

वर आल्यावर मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणालो, "मैदानाची एक बाजू बरोबर शंभर यार्ड आहे. सकाळी धोंडू कामावर असतो. कुणीतरी वरून वेळ बघायला हवी. तू बघशील?"

"मी खोटं सांगितलं तर?"

"तर बोर्डात कळेल."

"तेव्हा उशीर झालेला असेल."

"हो," मी म्हणालो.

तिने बराच वेळ घड्याळाला हात लावला नाही. मग उचललं, सेकंदाचा काटा कुठला ते विचारलं आणि मनगटावर बांधलं. तिच्या हातात ते ढिलं होतं, कोपरापर्यंत चढवलं.

२१ नोव्हेंबर

लोखंडी अकरा. शंभर यार्डांना, मालन म्हणते, सव्वीस सेकंद. गुंडाळीशिवाय.

३० नोव्हेंबर

गुंडाळी घेऊन. चोवीस. मांडीत आत कुठेतरी सुई टोचते. जानकीबाई म्हणाल्या, हाडाचं नाही, स्नायूचं आहे, पळा.

४ डिसेंबर

एकवीस. निदान वरून तसं सांगितलं गेलं.

आता खरं लिहायचं तर मला झोप लागत नाही. चार दिवसांत तीन सेकंद कसे कमी होतील? एकवीस म्हणाली आणि असतील पंचवीस, तर मी निर्धास्त बोर्डापुढे जाईन आणि तोंडावर आपटेन. कोंडा भरणाऱ्या हाताला काटा दोन घरं मागे वाचायला काय लागतं? उलट वाटतं, नाही, ती खरं सांगते आहे. मग वाटतं, तेव्हाही मी तिला गुणाचीच म्हणालो होतो.

धोंडू म्हणाला, "उद्या माझी सुट्टी आसा, मी वेळ बघतंय. साहेबांचा घड्याळ हाडतंय, बटणाचा." मी आधी हो म्हणालो. मग जिन्यात थांबून त्याला हाक मारली आणि नको म्हणालो. का ते मलाही नीट सांगता येत नाही. ती खोटं सांगते असं कळलं असतं तर खोली राहून, नोकरी राहून काय करणार होतो?

८ डिसेंबर

"एकोणीस," ती वरून म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

आता पळायचं नाही, दोन दिवस विश्रांती. तिने घड्याळ काढून माझ्या उशाशी ठेवलं.

१० डिसेंबर

तीन डॉक्टर, मार्तंडसाहेब आणि बटणाचं घड्याळ. पाठीमागे जानकीबाई, न बोलावता आलेल्या. गुंडाळी खांद्यावर घेतली. शिट्टी झाली.

पन्नास यार्डांपर्यंत काही आठवत नाही. सत्तरला सुई टोचली आणि गुंडाळी खांद्यावरून सरकली. तिला सावरायला मान वाकडी केली तर वेग गेला, असं वाटलं. आता गेलं, एवढंच मनात आलं, आणि तरी पाय चालू राहिले. रेघेपलीकडे जाऊन मी गुडघ्यांवर बसलो. डॉक्टर घड्याळ बघत होते आणि सांगत नव्हते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला.

"एकोणीस आणि थोडं," ते म्हणाले.

शिडी सोपी गेली. वर चढल्यावर डोळ्यांत पाणी आलं. खालच्यांना ते वाऱ्याने वाटलं असेल. पास झालो म्हणून आलं नाही. तिचं घड्याळ खरं होतं म्हणून आलं.

घरी येऊन म्हणालो, "पास."

"माहीत आहे," मालन म्हणाली. "एकोणीस होते ना."

तिने चहा टाकला. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. रामचंद्रचं, पाइपचं, सगळं. चहात साखर कमी आहे एवढंच बोललो.

१३ डिसेंबर

आजपासून पाळीवर. दुपारी तीनला घंटा झाली. मुलुंडच्या तबेल्यात गवताची गंजी पेटली होती. बंब अठ्ठावीस सेकंदांत बाहेर पडला, मी तिसरा चढलो. पाइप मागून मी धरला होता. हलला नाही. गंजी ती केवढीशी, पण दीड तास मी तो पाइप असा धरला की धोंडू म्हणाला, "सोड रे आता, आग कधीच इझली."

पाचला परतलो. अंगात भिजलेलं खाकी, पण पाय हलके होते. मनात एकच, मालनला सांगायचं. बूट न काढता जिन्याकडे वळलो आणि पळत सुटलो. दोन दोन पायऱ्या. अकरा वर्षांत हा जिना कधी पळत चढलो नव्हतो. दमून आलेला माणूस कशाला पळेल? पण आज पाय माझे होते, आणि हौस होती.

पहिल्या मजल्यावर एका बाईच्या हातातलं सूप पडलं. तांदूळ सगळीकडे. मी हसून पुढे गेलो. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत द्रौपदी भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. मला बघून ती मटकन खाली बसली. काय झालं म्हणून विचारलं, तर तिने फक्त आमच्या दाराकडे बोट केलं.

मालन उंबऱ्यावर बसली होती. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. मी समोर जाऊन उभा राहिलो, धापा टाकत. तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "सांगा, धोंडूभावजी."

मला आधी काही कळलंच नाही. "अगं, मी आहे," मी म्हणालो.

तिने डोळे न उघडताच हात पुढे केला, माझ्या बुटाला लावला, मग गुडघ्याला, मग मांडीला. डावीच मांडी. तिथे ती जखमेची खाच आहे, खाकीवरूनही हाताला लागते. ती हाताला लागल्यावर तिने डोळे उघडले. मग तिने त्याच मांडीवर मूठ मारली. एकदा, दोनदा, जोरात. मग पाय धरून रडायला लागली. मी आजवर तिला असं रडताना बघितलेलं नाही. इस्पितळातही नाही.

जरा वेळाने द्रौपदीच बोलली. "भावजी, या जिन्यावरून बाप्ये पळत खाली जातात. पळत वर कुणी येत नाही. मागे एकदाच आले होते. आमचे हे, मथुरेकडे."

मी इस्पितळात होतो तेव्हा. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मी मालनच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. भांडुपला मी पाइप सोडला होता ते तिला सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, इस्पितळात झोपेत रोज ओरडत होतात. खाली कुणीतरी बंब धूत होतं. तिने पदराने तोंड पुसलं, माझ्या बुटांनी झालेला चिखल बघितला आणि फडकं आणायला उठली. उठताना म्हणाली, "खाली काय पळायचं ते पळा. मी नाही म्हणणार नाही. वर मात्र चालत या."

मी बरं म्हणालो.